थकलेला पगार आणि अकरा दिवसांची खिडकी : एका स्थलांतरित फुटबॉलपटूचे प्रकरण

पार्श्वभूमी

पश्चिम आफ्रिकेतला एकवीस वर्षांचा एक मध्यरक्षक २०२२ मध्ये युरोपीय संघातल्या एका देशात, दुसऱ्या श्रेणीच्या क्लबकडे खेळायला गेला. ओळख पटू नये म्हणून देश, क्लब आणि रकमा बदलल्या आहेत. तारखांचा क्रम आणि नियम मात्र तसेच ठेवले आहेत, कारण सगळा पेच तारखांचाच आहे. क्लबने पगार थकवला यात नवल काही नाही. खालच्या श्रेण्यांत ते नेहमीचेच. नवल आहे ते पुढचे. फुटबॉलच्या नियमांनी करार मोडायचा हक्क दिला होता, पण तो वापरला की वास्तव्याच्या परवान्याची मुदत सुरू होणार होती.

येण्याचा मार्ग सरधोपट होता. मे महिन्यात अल्पमुदतीच्या व्हिसावर ट्रायल झाली. हा व्हिसा १८० दिवसांत ९० दिवस राहू देतो, नोकरी करू देत नाही. म्हणून ट्रायल जमल्यावर मायदेशी परत, जूनमध्ये करारावर सह्या, मग कामाचा व्हिसा, आणि ऑगस्टच्या शेवटी पुन्हा आगमन. वय अठराच्या पुढे असल्याने अल्पवयीनांच्या आंतरराष्ट्रीय हस्तांतरावर बंदी घालणारे फिफाचे कलम १९ आड आले नाही. करार १ सप्टेंबर २०२२ ते ३० जून २०२४.

मध्ये एक एजंट होता. एजंटांचे परवाने फिफाने एप्रिल २०१५ मध्ये रद्द केले आणि ते पुन्हा सक्तीचे झाले ऑक्टोबर २०२३ मध्ये. हे प्रकरण नेमके त्या मधल्या काळातले. परीक्षा न देता, केवळ राष्ट्रीय महासंघाकडे नोंद करून कुणालाही मध्यस्थ होता येत होते.

या एजंटने दोन कागदांवर सह्या घेतल्या. पहिला नोकरीचा करार, महिना १,८०० युरो हातात. दुसरा ‘प्रतिमा हक्कां’चा, म्हणजे खेळाडूचे नाव आणि फोटो जाहिरातीत वापरण्याच्या हक्काचा, महिना १,२०० युरो. कारण सांगितले ते करबचतीचे. या मुलाचा फोटो क्लबच्या सामन्याच्या पत्रकाबाहेर कुठेही छापला गेला नव्हता, तेव्हा कोणती प्रतिमा विकली जाणार होती हे विचारायला हवे होते. ते कुणी विचारले नाही. महासंघाकडे आणि फिफाच्या हस्तांतर प्रणालीत फक्त पहिला कागद गेला.

राहायला सदनिका, तीही क्लबच्या नावावर. वास्तव्याचा परवाना एका वर्षाचा, आणि त्यावर मालक म्हणून क्लबचे नाव. परवान्याच्या कामासाठी म्हणून घेतलेला पासपोर्ट नोव्हेंबरपर्यंत क्लबच्या कार्यालयातच पडून होता. व्हिसा, तिकीट आणि ट्रायलच्या खर्चासाठी घरच्यांनी कर्ज काढले होते, त्याचा हप्ता दर महिन्याला इथून जायचा. पुढच्या प्रत्येक निर्णयावर या हप्त्याचे ओझे होते.

अडचण

पगार महिन्याच्या शेवटच्या दिवशी देय होता. सप्टेंबरचा नऊ नोव्हेंबरला मिळाला. ऑक्टोबरचे १,२०० डिसेंबरच्या सुरुवातीला आले, ६०० राहिले. नोव्हेंबर आणि डिसेंबर कोरे. प्रतिमा हक्कांचा एकही युरो कधीच आला नाही. चार महिन्यांचे ४,८०० थकले.

डिसेंबरच्या मध्याला क्लबच्या कार्यालयाने परदेशी खेळाडूंना एकेक करून बोलावले आणि स्थानिक भाषेतला एक पानी कागद पुढे केला. ‘लायसन्सच्या तपासणीसाठी लागतो, सगळेच करतात.’ कागदात लिहिले होते : ३१ ऑक्टोबरपर्यंतची सर्व देणी मिळाली. मध्यरक्षकाने सही केली. क्लबला स्पर्धेचा परवाना टिकवायला थकबाकी नसल्याचे दाखवावे लागते, आणि ते दाखवायचा सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे खेळाडूची सही. लवादापुढे ‘मला भाषा येत नव्हती’ हे कारण जवळपास कधीच चालत नाही. न वाचता सही केली तर जबाबदारी सही करणाऱ्याची, असेच तिथे धरले जाते.

त्याच सुमारास त्याने व्यवस्थापकाला व्हॉट्सअॅपवर दोनदा पगाराचे विचारले. उत्तरात अंगठा आला.

२ जानेवारीला क्लबने स्वतःहून प्रस्ताव ठेवला : परस्पर संमतीने करार संपवू, एका महिन्याचा पगार रोख घे, बाकी सर्व दावे सोडल्याचे लिहून दे. कारण उघड होते. हिवाळी ट्रान्सफर विंडो, म्हणजे नव्या खेळाडूंच्या नोंदणीचा ठरावीक काळ, सुरू होती, परदेशी खेळाडूंच्या जागा मर्यादित होत्या आणि क्लबला त्याची जागा दुसऱ्यासाठी हवी होती.

समोरचे पर्याय

एका सहकाऱ्यामार्फत तो देशातल्या खेळाडू संघटनेकडे पोहोचला. ती फिफप्रोशी, म्हणजे व्यावसायिक फुटबॉलपटूंच्या जागतिक संघटनेशी, संलग्न होती. संघटनेच्या वकिलाने चार वाटा मांडल्या.

पहिली, वाट पाहणे. घर आहे, परवाना आहे, पुढेमागे पैसे येतीलही. पण विंडो ३१ जानेवारीला बंद होणार होती. करार विंडो बंद होण्याआधी संपलेला असेल तर मोकळ्या खेळाडूची नोंदणी नंतरही होऊ शकते. विंडोनंतर करार मोडला तर नव्या क्लबकडे नोंदणी होईलच याची खात्री नाही. थांबणे म्हणजे उन्हाळ्यापर्यंत अडकण्याचा धोका पत्करणे.

दुसरी, क्लबचा प्रस्ताव. लगेच १,८०० युरो, आणि दीड वर्षाच्या करारावर पाणी. कर्जाच्या हप्त्यामुळे हीच वाट त्याला सर्वांत जवळची वाटली. तो सहीच्या बेतात होता.

तिसरी आणि चौथी यांतला फरक बहुतेक खेळाडूंना माहीत नसतो. फिफाच्या नियमांतले कलम १२ बिस (‘बिस’ म्हणजे मूळ कलमाला नंतर जोडलेले) थकबाकी वसूल करण्यासाठी आहे : देणे ३० दिवसांहून जास्त थकलेले असावे, लेखी नोटीस द्यावी, किमान १० दिवसांची मुदत द्यावी. यात करार चालूच राहतो. कलम १४ बिस करार मोडण्यासाठी आहे : किमान दोन महिन्यांचे पगार थकलेले असावेत, लेखी नोटीस द्यावी, किमान १५ दिवसांची मुदत द्यावी, आणि तरीही क्लबने पूर्ण देणे चुकवले नाही तर खेळाडू ‘न्याय्य कारणा’ने मोकळा होतो. दहा दिवसांची नोटीस पाठवून करार मोडला, तर हक्काचा दावा स्वतःच्याच अंगावर उलटतो.

डिसेंबरमध्येच नोटीस का दिली नाही, हा प्रश्न इथे स्वाभाविक आहे. तेव्हा पूर्ण थकलेला महिना एकच होता. ऑक्टोबरचे ६०० धरूनही दोन महिने भरत नव्हते, आणि प्रतिमा हक्कांची रक्कम पगारात मोजली जाईल याचा भरवसा नव्हता. ३१ डिसेंबर उलटल्यावरच दुसरा महिना निर्विवाद थकला. त्याआधीच्या नोटिशीवर उभा केलेला राजीनामा कोसळला असता.

मग वकिलाने कॅलेंडर मागे मोजले. विंडो ३१ जानेवारीला बंद. त्याआधी नवा क्लब शोधायला दहाएक दिवस हवेत. नोटिशीचे पंधरा. म्हणजे जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात नोटीस गेली नाही तर विषय संपला.

एवढ्यावर भागले असते तर प्रकरण सोपे होते. पण फुटबॉलचा वकील परवान्याबद्दल बोलू शकत नव्हता, आणि हे त्याने प्रामाणिकपणे सांगितले. स्थलांतराच्या कायद्याची सल्लागार वेगळी गाठावी लागली. तिच्याकडून कळले की त्या देशात नोकरी संपल्यापासून ६० दिवसांत नव्या मालकाचा अर्ज मंजूर झाला नाही तर परवाना रद्द होतो. नवा क्लब दुसऱ्या देशातला असेल तर मायदेशी जाऊन नव्याने व्हिसा काढावा लागेल, वर आंतरराष्ट्रीय हस्तांतर प्रमाणपत्रही लागेल. त्याच देशातला क्लब मिळाला तर दोन्ही वाचतात. नव्या क्लबचा शोध त्याच देशापुरता ठेवायचे ठरले ते यामुळे, फुटबॉलच्या कारणाने नव्हे. दुसऱ्या देशातून थोडा जास्त पगाराचा एक निरोप आला होता. तो सोडून द्यावा लागला.

काय केले

३ जानेवारीला नोटीस गेली. तिच्यात महिनावार रकमा, देय तारखा, बँक खात्याचा तपशील, १८ जानेवारीची मुदत, आणि मुदतीत पूर्ण रक्कम न आल्यास करार संपवण्याचा इशारा होता. फिफाच्या प्रणालीत नोंदवलेल्या क्लबच्या अधिकृत ईमेलवर आणि रजिस्टर पत्राने, अशी दोन्हींकडून पाठवली. व्यवस्थापकाच्या व्हॉट्सअॅपवर पाठवली असती तर ती पोहोचली की नाही यावरच सहा महिने वाद झाला असता.

मुदतीच्या काळात खेळाडूने सरावाला जाणे चुकवता कामा नये. ९ जानेवारीला त्याला मुख्य संघातून काढून एकट्याने धावायला सांगितले, ड्रेसिंग रूमचे कार्ड बंद केले. वकिलाचा सल्ला एकच : रोज वेळेवर फाटकापाशी जा, आणि ‘मी हजर आहे, सरावाला तयार आहे’ असा ईमेल पाठव. कंटाळवाणे काम, पण त्यामुळे ‘तो स्वतःच गैरहजर राहिला’ हा क्लबचा नेहमीचा बचाव निकामी झाला. शिवाय, खेळाडूने करार सोडावा किंवा अटी बदलून घ्याव्यात म्हणून असा छळ करणे हे कलम १४ प्रमाणे स्वतंत्र न्याय्य कारण ठरते.

१७ जानेवारीला खात्यात १,००० युरो आले. या प्रकरणातली सर्वांत अवघड घडी हीच. नोव्हेंबर-डिसेंबरचे थकलेले ३,६०० होते, आता २,६०० राहिले, म्हणजे दोन महिन्यांपेक्षा कमी. क्लबचा हिशोब बरोबर तोच होता : थोडे तोंडावर फेकायचे आणि नोटीस बोथट करायची. वकिलाचे मत असे की नोटीस देतेवेळी दोन महिने थकलेले होते आणि कलम ‘पूर्ण’ देणे चुकवायला सांगते. अर्धवट भरण्याने नोटीस मरत नाही. पण धोका शून्य नव्हता. लवादाने उलटे ठरवले तर करारभंग खेळाडूचा, तोही संरक्षित काळात. २८ व्या वाढदिवसाआधी केलेल्या कराराला हा काळ तीन हंगाम किंवा तीन वर्षे, यांतले जे आधी संपेल ते. त्यात विनाकारण करार मोडणाऱ्याला चार महिने खेळण्याची बंदी आणि वर भरपाई. दोन दिवस चर्चा झाली. एकट्याने धावायला लावल्याचे पुरावे हाताशी होते, त्यामुळे दुसरा आधारही होता. २० जानेवारीला करार संपवल्याचे पत्र गेले.

उरले अकरा दिवस.

नव्या क्लबशी आधीच उघड बोलणी का केली नाहीत? चालू करार संपायला सहा महिन्यांहून जास्त अवधी असताना दुसऱ्या क्लबने खेळाडूशी बोलायचे तर सध्याच्या क्लबला लेखी कळवावे लागते. तसे कळवले असते तर ‘पगार हे निमित्त, खरे कारण नवा क्लब’ असे म्हणायला जागा मिळाली असती.

तिसऱ्या श्रेणीतला एक क्लब तयार झाला, पण घाबरत. त्यावेळच्या नियमाप्रमाणे खेळाडूने विनाकारण करार मोडल्याचे ठरल्यास नवा क्लबही भरपाईला संयुक्तपणे जबाबदार धरला जाई. म्हणून त्यांनी नोटीस, पोहोचपावत्या, बँकेचे उतारे आणि रोजचे ईमेल अशी पूर्ण फाइल मागितली. ती तयार होती, त्यामुळे निर्णय चार दिवसांत झाला. करार २८ जानेवारीला, महिना १,३०० युरो, १ फेब्रुवारी २०२३ ते ३० जून २०२४. नोंदणी ३० तारखेला. त्या हंगामात तो आधी एकाच क्लबकडून अधिकृत सामने खेळला होता, म्हणून अडले नाही. एका हंगामात तीन क्लबांकडे नोंदणी चालते, पण अधिकृत सामने दोघांकडूनच खेळता येतात.

सदनिका आठवड्यात सोडावी लागली, आणि क्लबच्या विम्याबरोबर आरोग्यविमाही संपला. या दोन गोष्टी कुणाच्याच यादीत नव्हत्या. सहा आठवडे तो विम्याशिवाय सराव करत होता. गुडघा गेला असता तर इथवरचे सगळे हिशोब व्यर्थ होते.

दावा फेब्रुवारीत फिफाच्या फुटबॉल न्यायाधिकरणाकडे, म्हणजे त्यातल्या वाद निवारण कक्षाकडे दाखल झाला. नोकरीच्या करारात वाद राष्ट्रीय महासंघाच्या लवादाकडे नेण्याचे कलम होते. पण असा लवाद फिफाच्या जागी चालायचा तर तो स्वतंत्र हवा आणि त्यात खेळाडू व क्लब यांना समान प्रतिनिधित्व हवे. तिथे ते नव्हते. खेळाडूला या कक्षापुढे प्रक्रिया शुल्क नाही. दावा घटना घडल्यापासून दोन वर्षांत करावा लागतो आणि सोबत बँक खात्याच्या नोंदणीचा अर्ज जोडावा लागतो. तो विसरला की फाइल परत येते.

निकाल

आधी परवाना. नवा अर्ज फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात गेला, मंजुरी १३ मार्चला आली. साठावा दिवस होता २१ मार्च. महासंघाकडे नोंदणी असूनही तोवर त्याला सामना खेळता आला नाही. नोंदणी महासंघ देतो, कामाची परवानगी सरकार देते.

न्यायाधिकरणाने ऑगस्ट २०२३ मध्ये न्याय्य कारण मान्य केले. १,००० युरोच्या अर्धवट भरण्याने नोटीस बाद होत नाही, हेही मान्य झाले. हिशोब असा लागला. थकलेले २,६००. कराराचे उर्वरित मूल्य जानेवारी २०२३ पासून १८ महिन्यांचे ३२,४००. त्यातून नव्या करारातले १७ महिन्यांचे २२,१०० वजा, उरले १०,३००. करार थकबाकीमुळे मोडला म्हणून तीन महिन्यांचा जादा पगार, ५,४००. एकूण १८,३०० युरो आणि वार्षिक ५ टक्के व्याज.

ऑक्टोबरचे ६०० गेले, कारण डिसेंबरातली ती सही. प्रतिमा हक्कांचा दावाही फेटाळला गेला : वेगळा करार, नोकरीच्या कराराशी जोडणारे एकही वाक्य नाही, म्हणून कक्षाचे अधिकारक्षेत्र नाही. तीच १,२०० ची रक्कम नोकरीच्या करारात असती तर थकबाकी ५,००० (ऑक्टोबरपर्यंतचे त्या सहीमुळे गेलेच असते), भरपाई ३१,९०० आणि जादा पगार ९,००० होऊन बेरीज ४५,९०० झाली असती. दुसऱ्या कागदाची किंमत अशी २७,६०० युरो.

क्लबने अपील केले नाही आणि पैसेही दिले नाहीत. ४५ दिवस उलटल्यावर नवे खेळाडू नोंदवण्याची बंदी लागू झाली. ऑक्टोबर ते डिसेंबर क्लबला तिची झळ लागली नाही. जानेवारी २०२४ मध्ये आघाडीचा नवा खेळाडू नोंदवता येईना, तेव्हा पूर्ण रक्कम व्याजासह आठवड्यात जमा झाली.

वेगळे काय करता आले असते

सर्वांत मोठी चूक जून २०२२ मधली. दोन कागद असतील तर दुसऱ्यावर सही नको. आणि करावीच लागली, तर ‘हा करार नोकरीच्या कराराचा अविभाज्य भाग असून त्यातली रक्कम वेतन आहे’ हे वाक्य दोन्हींत घालून घ्यावे. मागाहून वकील कितीही हुशार मिळाला तरी हे वाक्य त्याला घालता येत नाही.

डिसेंबरातल्या कागदावर सही नाकारणे त्या मुलाला शक्य होते का? पासपोर्ट नुकताच परत मिळालेला, घर क्लबचे. नाकारणे कठीण होते. पण सहीखाली स्वतःच्या भाषेत ‘ऑक्टोबरचे ६०० मिळालेले नाहीत’ असे लिहिता आले असते, किंवा त्याच संध्याकाळी तसा ईमेल पाठवता आला असता. दोन्ही पुरावा म्हणून उभे राहिले असते.

२० जानेवारीच्या निर्णयाबद्दल मतभेद संभवतात. १२ बिसची नोटीस देऊन, करार चालू ठेवून, उन्हाळ्यात बाहेर पडणे हा सावध मार्ग होता आणि परवान्याच्या दृष्टीने जास्त सुरक्षित. आमच्या मते तो इथे चुकला असता. क्लब पगार देत नव्हता आणि खेळूही देत नव्हता; सहा महिने सामन्याविना राहिलेल्या एकवीस वर्षांच्या परदेशी मध्यरक्षकाला उन्हाळ्यात कोण विचारणार? पण हातात परवान्याची सल्लागार नसती, तर आम्हीही सावध मार्गच सुचवला असता. तिला नोटिशीआधी गाठले हे नशीब. दोन आठवडे उशीर झाला असता तर दुसऱ्या देशातला निरोप स्वीकारला गेला असता आणि साठ दिवस व्हिसाच्या रांगेत संपले असते.

आज हेच प्रकरण घडले तर दोन गोष्टी बदलतील. फ्रेंच फुटबॉलपटू लासाना दियारा याच्या प्रकरणात युरोपीय संघाच्या न्यायालयाने ४ ऑक्टोबर २०२४ रोजी दिलेल्या निकालानंतर फिफाने करारभंगाच्या भरपाईचे कलम १७ बदलले. नवा क्लब आता आपोआप जबाबदार धरला जात नाही; त्याने खेळाडूला करार मोडायला फूस लावल्याचे सिद्ध व्हावे लागते. त्यामुळे तिसऱ्या श्रेणीच्या क्लबची भीती कमी झाली असती. दुसरे, एकल परवान्याचा (वास्तव्य आणि काम यांच्या एकत्र परवान्याचा) २०२४ मधला सुधारित युरोपीय निर्देश बेरोजगारीचे किमान तीन महिने देतो, आणि परवान्यावर दोन वर्षांहून जास्त काळ झाला असेल तर सहा. तो राष्ट्रीय कायद्यांत आणण्याची मुदत मे २०२६. साठच्या जागी नव्वद दिवस मिळाले असते, पण त्याच देशात; दुसऱ्या देशातल्या त्या जास्त पगाराच्या निरोपासाठी नवा व्हिसा लागलाच असता.